‘रु’ची गाणी

मुरासे न्हाव्याला मी वीस वर्षं ओळखतो आणि गेल्या जानेवारीपर्यंत मला तो बरा माणूस वाटायचा. माझे केस तोच कापायचा. आता मी स्टेशनपलीकडच्या दुकानात जातो. तिथला न्हावी मानेवर वस्तऱ्याच्या खुणा ठेवतो, पण चालेल.

सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. मी जळत होतो. वय एकाहत्तर, गुडघ्याला पट्टा, वरची कवळी, आणि लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेल्या बायकोवरून मी एका न्हाव्यावर जळत होतो.

हे सगळं झालं ‘कामोमे’त. आमच्या याइझु गावच्या बंदरामागच्या रस्त्यावर इत्सुकोबाईंचं हे कॉफीचं दुकान. बुधवारी दुपारी एक ते चार तिथे कराओके असतं आणि येणारी सगळी आमच्यासारखी पिकली पानं. नुसतं गाऊन कंटाळा येतो, म्हणून आम्ही गाण्यांच्या भेंड्या लावतो. एकाने गाणं म्हटलं की त्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर घ्यायचं. पुढच्याने त्या अक्षरावरून सुरू होणारं गाणं शोधायचं आणि माइक घेऊन निदान एक कडवं म्हणायचं. अंडी उकडायला असतं ते वाळूचं घड्याळ टेबलावर उलटं केलेलं असतं. वाळू संपली आणि गाणं सुचलं नाही, की बाद. एकदा झालेलं गाणं त्या दिवशी पुन्हा नाही. मशीनबरोबर आलेलं गाण्यांचं जाडजूड पुस्तक इत्सुकोबाई खेळ संपेपर्यंत कपाटात कुलूपबंद करतात.

या खेळात मी राजा होतो. बारा वर्षं. त्याचं कारण ‘रु’.

आमच्या जपानी भाषेत ‘रु’वर संपणारी गाणी पोत्याने मिळतील, पण ‘रु’वरून सुरू होणारी हाताच्या बोटांवर मोजावीत. सर्वसाधारण माणसाला एक येतं, कधीकधी तेही येत नाही. मला चार यायची. मी आयुष्यभर बोटींना जाळी आणि दोरखंड विकले. बोटींच्या कप्तानांना संध्याकाळी बारमध्ये बसवल्याशिवाय जाळी विकली जात नाहीत, आणि कप्तान गायला लागले की विकणाऱ्याला गावंच लागतं. त्या बैठकांत मी ती चार गाणी कमावली होती. कोणी माझ्यावर ‘रु’ टाकला की मी मुद्दाम वाळू निम्मी पडू द्यायचो, कपाळ खाजवायचो आणि मग उठायचो. टाळ्या पडायच्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांसाठी मी बुधवारची वाट बघायचो.

‘कामोमे’त एक न लिहिलेली रीत मात्र आहे. एका दुपारी कोणीही दुसऱ्यावर एकदाच ‘रु’ टाकायचा. पुन्हा पुन्हा टाकणं म्हणजे पाहुण्याच्या ताटात मुद्दाम खडा टाकणं.

गेल्या पावसाळ्याअखेर माझी बायको किनुयो हिने मासे वाळवण्याच्या कारखान्यातलं काम सोडलं आणि ऑक्टोबरात एका बुधवारी म्हणाली, "मीही येते आज." मला आनंदच झाला. ती घरात कधी गुणगुणतसुद्धा नसे. म्हटलं, बसेल कोपऱ्यात, नवऱ्याला टाळ्या पडताना बघेल.

जानेवारीत इत्सुकोबाईंनी वसंतातल्या स्पर्धेच्या जोड्या काढल्या. कागदावर शिडीसारख्या रेघा ओढायच्या, आपापलं टोक निवडायचं, रेघांवरून खाली उतरत बोट ज्या नावावर पोचेल तो जोडीदार. नवरा-बायकोची जोडी मात्र लावत नाहीत. पूर्वी एकदा लावली होती, ते दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. माझं बोट पोचलं तोकूआजींवर. वय चौऱ्याऐंशी, येणारी गाणी बंदराची, नाहीतर धुक्याची, आणि आपली पाळी नसली की डोळे मिटलेले. किनुयोचं बोट पोचलं मुरासेवर.

"अरे वा," मुरासे म्हणाला, "माझं नशीब उघडलं की! किनुयोताई, सांभाळून घ्या हं."

"मला काही येत नाही हो," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसली.

जिंकणाऱ्या जोडीला बक्षीस होतं इझूच्या गरम झऱ्यांची एक दिवसाची सहल. बसची पुढची दोन तिकिटं, दुपारचं जेवण आणि झऱ्याच्या पाण्यात डुंबणं. म्हणजे माझी बायको जिंकली, तर दिवसभर मुरासेच्या शेजारी बसून जाणार. पुरुषांचं पाणी वेगळं आणि बायकांचं वेगळं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. बस तर एकच असते ना?

पहिल्याच बुधवारी माझ्या पोटात दुखायला लागलं. किनुयोवर ‘नु’ आला. ‘नु’ हेही काही सोपं अक्षर नाही. मुरासे तिच्या कानाशी वाकला, काहीतरी पुटपुटला, आणि ती उठून गायला लागली. आवाज बारीक, पण सूर पक्का. पुढच्या खेपेला ‘ए’, त्यापुढे ‘रे’. प्रत्येक वेळी तो वाकायचा, ती मान हलवायची आणि उठायची. जोडीदाराने सुचवायची, त्याच्याऐवजी गायचीही परवानगी आहे, नियमात बसतं सगळं. पण सुचवताना इतकं वाकावं लागतं का माणसाला? त्याचे केस अजून काळेभोर. त्यांना लावलेल्या तेलाचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा.

"हाचियाराव, कॉफी गार होतेय," तोकूआजी म्हणाल्या.

"होऊ द्या."

"कॉफी गार आणि माणूस गरम. बायकोकडे काय टक लावून बघताय? चव्वेचाळीस वर्षांत बघितली नाहीत वाटतं?"

घरी मी विषय काढला. ती मुळा किसत होती.

"ती गाणी कुठून आली गं तुला?"

"येतात."

"मुरासे सांगतो ना?"

"मुरासेराव मला विचारतात, येतं का म्हणून. मी हो म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच. ते लोणचं द्या इकडे."

माझा काडीचा विश्वास बसला नाही. आपली बायको आपल्याला माहीत असते. जिने आयुष्यात माइक धरला नाही, तिला ‘नु’ची गाणी कुठून येणार? मुरासेच शिकवत असणार. कधी? कुठे? फेब्रुवारीत त्याचंही उत्तर मिळालं. एका दुपारी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा चकाकत होता. आमच्याकडे बायका न्हाव्याकडे जाऊन तोंडावरची लव काढून घेतात. त्यात वावगं काही नाही, माझी आईही जायची. पण खुर्ची मागे झुकवून, डोळे मिटून, गरम टॉवेल घेऊन ती मुरासेसमोर अर्धा तास पडून राहिली होती, आणि तो तिच्या गालावरून वस्तरा फिरवत होता! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"छान दिसतंय का?" तिने विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो आणि टीव्ही मोठा केला.

दुसऱ्या दिवसापासून मी तयारीला लागलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर सगळी अक्षरं मांडली आणि प्रत्येक अक्षरापुढे अशी गाणी लिहिली, जी त्या अक्षराने सुरू होतात पण ‘रु’वर संपतात. माझ्यावर काहीही येवो, मी परत ‘रु’च फेकणार. मुरासेकडे ‘रु’ची दोन गाणी आहेत हे मला माहीत होतं, कारण ती त्याने माझीच ऐकून उचललेली. दोन झाली की संपला. रीत मोडेल, लोक नाकं मुरडतील. मुरडू देत. सगळ्यांसमोर तो वाळूकडे बघत गप्प बसलेला मला किनुयोला दाखवायचा होता. दीड महिना मी ती पानं घोकली. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर जाळी विकावी लागली नसती.

मार्चचा शेवटचा बुधवार. दुकान भरलेलं, टेबलावर सार्डिन माशाच्या काळ्या वड्या आणि चहा. दोन वाजेपर्यंत बाकीच्या जोड्या बाद झाल्या आणि उरल्या दोन, त्यांची आणि आमची.

माझ्यावर ‘मि’ आला. मी ‘मि’ने सुरू होऊन ‘रु’वर संपणारं गाणं म्हटलं. मुरासेने हसून मान डोलावली, "आला का हाचियारावांचा रु!", आणि आपलं पहिलं म्हटलं. ते ‘यो’वर संपलं. माझ्या पानावर ‘यो’ची तीन होती. मी दुसऱ्यांदा ‘रु’ टाकला.

खोलीत थोडी चुळबुळ झाली. मुरासेने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं म्हटलं. त्याच्या शेवटच्या अक्षरावर मी तिसरा ‘रु’ टाकला.

"अहो हाचियाराव," इत्सुकोबाई काउंटरमागून म्हणाल्या, "आज काय पोतं घेऊन आलात का?"

"नियमात बसतं," मी म्हणालो.

"नियमात तर नाकात बोट घालणंही बसतं, म्हणून कोणी घालतं का?" तोकूआजींनी डोळे न उघडताच सांगितलं. माझीच जोडीदारीण!

घड्याळ उलटं केलं. मुरासे वाळूकडे बघत बसला, अगदी मी मनात बघितला होता तसा. त्याने कपाळ खाजवलं. तो किनुयोकडे वाकला आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं दुकान बंद, ताई. तुम्हाला येतं का काही?"

"येतं," किनुयो म्हणाली.

तिने म्हटलेलं गाणं मी कधीच ऐकलं नव्हतं. ‘रुरीइरो नो कासा’, निळ्या छत्रीचं गाणं. इत्सुकोबाईंना मशीनमध्ये शोधायला वेळ लागला, पण ते होतं. मी चौथा ‘रु’ टाकला. तिने पुन्हा म्हटलं. पाचवा टाकला. तिने म्हटलं. माझ्या चारही गाण्यांपैकी तिने एकालाही हात लावला नव्हता. सहावा. कॅलेंडरची पानं माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. सहाव्यालाही ती उठली, तिने स्वेटर खाली ओढलं आणि गायली ‘रुसुबान नो अकारी’, घरी मागे राहून घर राखणारीचा दिवा. एक कडवं पुरतं, तिने तिन्ही म्हटली. कोणी वडीला हात लावला नाही, कप खाली ठेवले नाहीत. तोकूआजींचे डोळे उघडे होते.

टाळ्या थांबेनात. माझ्यावर ‘री’ आला होता. ‘री’चंही माझ्याकडे होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी उभा राहिलो आणि भरल्या दुकानात बोललो, "हे खेळणं नाही. ही घोकंपट्टी आहे. मुरासे, तू पढवून आणलंयस तिला. दुकानात बोलावून, खुर्चीत निजवून."

मुरासेचा चेहरा पांढरा पडला. "हाचियाराव, मला ‘रु’ची दोनच येतात. तीसुद्धा तुमच्याकडून शिकलेली. यांतलं एकही मी जन्मात ऐकलेलं नाही."

"मग कोणी शिकवली हिला? कोण आहे तो?"

किनुयोच्या हातात माइक तसाच होता. चालू. तिने तो बंद करायला हवा होता, पण तिला त्या बटणांतलं काही कळत नाही. ती बोलली ते सगळं चारही भिंतींवरून घुमून आलं, तेही कराओकेच्या त्या प्रतिध्वनीसकट.

"रेडिओने शिकवली," ती म्हणाली. "रोज रात्री नऊला लागायचा. तेराओ नावाचे होते, ते रोज एक अक्षर घ्यायचे आणि तासभर त्याच अक्षराची गाणी लावायचे. आज ‘अ’, उद्या ‘इ’. शनिवार-रविवार सुट्टी. सगळी अक्षरं संपायला दोन महिने लागायचे, मग परत ‘अ’. मी तुमचं जेवण गरम करत बसायचे. तीनदा गरम करायचे. तेवढ्यात तास संपायचा."

मी म्हणालो, "धंदा होता तो. कप्तानांना बसवावं लागायचं."

"हो. मी कुठे नाही म्हटलं?" ती म्हणाली. रागावली नव्हती, हेच वाईट होतं. "‘रु’ दोन महिन्यांनी एकदा यायचा. वर्षात सहादा. अशी एकोणतीस वर्षं. मोजा तुम्ही किती झाले. ‘रु’च्या एकाही रात्री तुम्ही घरी नव्हतात, म्हणून सगळी पाठ झाली. एकवीस येतात मला. अजून टाका."

वाळू केव्हाच संपली होती. इत्सुकोबाईंनी हळूच घड्याळ उचलून काउंटरवर ठेवलं. मी खाली बसलो. ‘री’चं माझं गाणं माझ्या तोंडातच राहिलं.

तिकिटांचं पाकीट इत्सुकोबाईंनी पुढे केलं तेव्हा मुरासेने ते हातात घेतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "तुम्ही दोघं जा, हाचियाराव. माझं दुकान बंद ठेवता येत नाही." इतका चांगुलपणा त्या क्षणी मला सहन झाला नाही. मी हात पुढे करणार, तोच किनुयो म्हणाली, "नाही मुरासेराव. जिंकलो आपण दोघं. आपणच जायचं. एक दिवस दुकान बंद राहिलं तर गावाचे केस वाढून काही होत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच राहिलो असतो.

घरी आम्ही बंदराच्या बाजूने गेलो. माशाच्या वाळवणाचा धुरकट वास सुटला होता. ती माझ्या गुडघ्यासाठी हळू चालत होती. मी मुरासेबद्दल बोलणार होतो, क्षमा मागणार होतो, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"तो तेराओ. कसा होता दिसायला?"

"रेडिओवरच्या माणसाचं तोंड कोण बघतं?"

"मग आवाज?"

ती थोडं थांबली. तेवढं थांबणंसुद्धा मला झोंबलं. "जाडसर. थोडा खोकायचे मधेच. थंडीत जास्त."

"आणि काय बोलायचा? गाण्यांच्या मधे?"

"काही नाही हो. हवा कशी आहे, बोटी निघाल्या का. आणि सुरुवातीला रोज विचारायचे, ‘काय, जेवलात का?’ मी म्हणायचे, नाही अजून, हे यायचेत."

"मनात?"

"मोठ्याने. घरात दुसरं होतं कोण ऐकायला?"

एकोणतीस वर्षं माझी बायको माझ्या स्वयंपाकघरात, माझं जेवण गॅसवर ठेवून, एका परक्या माणसाशी मोठ्याने बोलत होती, आणि मी चार गल्ल्या पलीकडे कप्तानांना गाणी म्हणून दाखवत होतो.

"बंद का झाला मग तो कार्यक्रम?"

"वारले ते. तुम्ही निवृत्त झालात त्याच्या आदल्या वर्षी. मी शिझुओका शहरात जाऊन आले. अंत्यविधीला. पांढरी फुलं नेली, उदबत्ती लावली. खूप बायका आल्या होत्या, सगळ्या माझ्याच वयाच्या. कोणी कोणाशी बोललं नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"त्या दिवशी तुमची माकुराझाकीला मीटिंग होती. कप्तानांची."

मुरासेवर मला ओरडता आलं, त्याला ‘रु’ टाकता आला, उद्या त्याच्या दुकानात जाऊन मान खाली घालून केस कापून घेता येतील. तेराओचं मी काय करणार होतो? तो मेलेला, बिनचेहऱ्याचा, आणि रोज नऊच्या ठोक्याला वेळेवर हजर. माझ्या आयुष्यात मी इतका कोणावर जळलो नाही.

दारापाशी पोचलो. ती किल्ली शोधत होती. दुपारी तिने एकही वडी खाल्ली नव्हती, गात होती ना. मला वाटलं, आता तरी बोलावं, काहीतरी नवऱ्यासारखं. मी तोंड उघडलं, "काय गं, जेवलीस..." आणि तिथेच थांबलो. किनुयोने किल्ली शोधायचं थांबवून वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पण ज्याचा आवाज तिला ऐकू आला, तो मी नव्हतो.